लादी उखडण्याआधी एक रुपयाचं नाणं घ्या

पार्ल्याला आत्याच्या घरात शिरलं की आधी पॅसेज लागतो. ४ फूट रुंद, २२ फूट लांब. डावीकडे दोन खोल्या, उजवीकडे भिंत, टोकाला मोरी. घर १९३८ चं, लादीही तेव्हाचीच: पिवळट जमिनीवर लाल-काळी फुलं आणि कडेनं वेलीची पट्टी. गेली दहा वर्षं येणारा प्रत्येक माणूस तिला एकच सल्ला देत होता, "आत्या, हे काढून टाक आणि व्हिट्रिफाइड घालून घे. पुसायला सोपं." आत्या म्हणायची, "पुसते मी. तुम्हाला काय त्रास आहे?"

त्रास तसा होता. दारापाशी तीन लाद्या पांढऱ्या पडलेल्या. मधल्या दोन रांगा चालताना डुगडुगायच्या. मोरीजवळ लोणा फुटायचा आणि एका जागी कुणा प्लंबरनं पाइप टाकून वर नुसतं सिमेंट थापलेलं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तो पॅसेज दुरुस्तीला काढला. त्या निमित्तानं मी जे शिकले, शिकताना ज्या चुका केल्या आणि आमच्या म्हाताऱ्या लादी मिस्त्रींनी ज्या माझ्याकडून होऊ दिल्या नाहीत, ते सगळं इथे सांगते. तुमच्या घरात, गावच्या वाड्यात किंवा विकत घेतलेल्या जुन्या फ्लॅटमध्ये अशी नक्षीची लादी असेल तर उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न एकच: ही लादी कशाची आहे? बाकीचं सगळं याच्या उत्तरावर ठरतं आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन प्रकार दिसतात आणि तिन्हींना सर्रास 'मोझॅक' म्हणतात. खरी मोझॅक लादी म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे घालून, वरून मशीननं घासून गुळगुळीत केलेली. साठ-सत्तरच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये हीच सापडते. दुसरी आपली नक्षीची सिमेंटची लादी, साधारण ८ इंच बाय ८ इंच. तिसरी भट्टीत भाजलेल्या मातीची, इंग्लंडहून आलेली. ती घरांत कमी, गॉथिक इमारतींत आणि चर्चमध्ये जास्त. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पायाखाली जी भौमितिक नक्षी आहे ती या तिसऱ्या जातीची.

सिमेंटच्या नक्षीच्या लादीला भट्टी माहीतच नाही. ती बनते अशी. एक लोखंडी चौकट, तिच्यात पितळी पट्ट्यांची जाळी. जाळीतला एकेक कप्पा म्हणजे नक्षीतला एकेक रंग. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंगाची पूड यांचं पातळ मिश्रण करंजीत सारण भरावं तसं त्या त्या कप्प्यात ओततात. मग जाळी अलगद वर उचलायची. रंग एकमेकांना भिडतात, पण मिसळत नाहीत. इथेच कारागिराचा हात कळतो. जुन्या लादीत पाकळीची कडा किंचित पसरलेली दिसते ती याच क्षणाची खूण. त्यावर कोरडं सिमेंट-वाळू भुरभुरवतात म्हणजे जास्तीचं पाणी शोषलं जातं, त्यावर जाडा माल भरतात आणि प्रेसखाली दाबतात. बाहेर काढलेली लादी पाण्यात मुरवायची आणि मग आठवडेच्या आठवडे सावलीत ठेवायची. रंगाचा थर जेमतेम ३-४ मिलिमीटर, खाली पाऊण इंच नुसतं सिमेंट. एक लादी भरते जवळजवळ दोन किलो.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात, फ्रान्स-स्पेनच्या बाजूला रुजली आणि व्यापारी जहाजांबरोबर जगभर गेली. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यात तीच लादी आहे. मुंबईत १९२२ साली सिधवा मंडळींनी भारत टाइल्स सुरू केली ती स्वदेशीच्या लाटेत; परदेशी लादीला तोडीस तोड लादी इथेच करायची हा हट्ट. तमिळनाडूत चेट्टिनाडकडची आथंगुडी लादी याच कुळातली, फक्त तिथे प्रेस नाही. काचेच्या तुकड्यावर रंग ओततात, हातानं भरतात, उन्हात वाळवतात, पाण्यात भिजवतात. काचेला टेकलेला चेहरा आपोआप आरशासारखा निघतो.

भाजलेल्या लादीची गोष्ट वेगळी. १८३० साली सॅम्युअल राइट नावाच्या इंग्रजानं तिचं पेटंट घेतलं आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटननं ती नावारूपाला आणली. लंडनच्या संसदेच्या जमिनी मिंटनच्या आहेत. मातीत नक्षीचा खळगा पाडायचा, त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची आणि भाजायचं. विटेचीच श्रीमंत बहीण म्हणा. माझी एक मावसबहीण लंडनच्या उपनगरात राहते. तिच्या जुन्या घराच्या दारातल्या बोळकांडीत गालिच्याखाली अशीच लादी निघाली, गालिच्याच्या गोंदानं माखलेली आणि कडेनं खिळ्यांची भोकं पडलेली. तिथे अशा लाद्या बहुधा लहान-लहान असतात. चौकोनी, त्रिकोणी, षटकोनी, प्रत्येक तुकडा आरपार एकाच रंगाचा, आणि मांडणीतून नक्षी तयार होते. आम्ही दोघी फोनवर एकमेकींना सल्ले देत होतो आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिचे निम्मे उपाय माझ्या लादीला मारक आहेत.

म्हणून ओळख आधी. निखळलेला एक तुकडा घ्या आणि त्याची कड बघा. वर रंगाचा पातळ थर आणि खाली करडं सिमेंट दिसलं तर ती आपली. कड विटेसारखी भाजकी, सारख्या पोताची असेल तर मातीची. तरी शंका वाटली तर त्या तुकड्यावर, फक्त तुटक्या तुकड्यावर, लिंबाचा रस टाका. सिमेंट आणि संगमरवराची पूड हलकेच फसफसते, भाजलेली माती ढिम्म बसते.

तो फसफसणारा थेंब नीट पाहा, कारण आत्याच्या दारातल्या तीन पांढऱ्या लाद्यांचं रहस्य तिथेच आहे. पंधरा वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हा रंगाचे डाग काढायला कामगारांनी ऍसिड ओतलं होतं. डाग गेले. डागाबरोबर चेहराही गेला. संगमरवराची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बाथरूमसाठी मिळणारं ऍसिड तिच्यावर पडलं की वायू होऊन फेस येतो आणि मागे कॅल्शियम क्लोराइड उरतं, जे पाण्यात विरघळून वाहून जातं. म्हणजे फेस येतोय तो मळ निघतोय म्हणून नाही, लादी विरघळतेय म्हणून. रंगाची पूड धरून ठेवणारं सिमेंट गेलं की रंग सुटतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्या खरखरीत जागी दुप्पट मळ बसतो. मग माणूस पुन्हा ऍसिड आणतो. शिवाय कोपऱ्यात उरलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात ती जागा सदा दमट का, याचं उत्तर कधी कधी हेच असतं. आमच्या तिथे तरी मला तसंच वाटलं.

मातीच्या लादीचं ऍसिडनं तेवढं बिघडत नाही, पण तिच्या दर्जांतला, म्हणजे दोन लाद्यांमधल्या फटींतला, चुना-सिमेंट खाल्ला जातो. तेव्हा ऍसिड दोन्हीकडे नको. व्हिनेगर, चिंच, लिंबू, सगळ्याला तोच नियम. देवाची पितळेची भांडी पॅसेजमध्ये बसून घासायची नाहीत, एवढं मी आत्याला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच थांबला.

दुसरं संकट मशीन. लादीवाल्याला बोलावलं की तो सांगतो, "पॉलिश मारून देतो, नवीन दिसेल." त्याच्या डोळ्यांसमोर मोझॅक असते. मोझॅकमध्ये दगडाचे तुकडे खोलवर असतात, घासलं की खालून नवे वर येतात. नक्षीच्या लादीत ३ मिलिमीटरखाली नक्षी संपते. दगडाचं चाक उंचसखल जमिनीवर फिरलं की वर आलेल्या लाद्यांची फुलं आधी पुसट होतात, मग करडं सिमेंट डोकावतं. घासायचंच असेल तर अगदी बारीक पॅडनं, पाणी मारत, हातानं आणि आधी कपाटामागच्या एका लादीवर. कोरडं तर कधीच घासू नका. ती धूळ सिमेंटची आणि वाळूची असते, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

आता नाण्याकडे येते. आमच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कुठलंही हत्यार काढलं नाही. खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, उकिडवे बसले आणि प्रत्येक लादीवर टिचकी मारल्यासारखं ठोकत सरकू लागले. बाजारात माठ घेताना आपण जे करतो तेच. ठणठणीत आवाज आला की लादी खालच्या मालाला घट्ट धरून आहे. बद्द आवाज आला की खाली पोकळी. मी मागून खडूनं खुणा करत गेले. सहा रांगा, तेहतीस ओळी, एकूण १९८ लाद्या. त्यातल्या १६३ ठणठणीत निघाल्या. २२ बद्द, पण अख्ख्या. १३ फुटलेल्या, खपल्या निघालेल्या किंवा मुळात नसलेल्या.

"ताई, सगळी जमीन काढायला सांगणारा माणूस या एकशेत्रेसष्टांचे पैसे घेतो तुमच्याकडून," मिस्त्री म्हणाले.

खुणांचा नकाशा कागदावर उतरवला आणि मग पहिली शहाणपणाची गोष्ट दिसली. बद्द आवाजाच्या लाद्या विखुरलेल्या नव्हत्या. त्यांचे दोन पुंजके होते. एक दारापासून मधल्या खोलीपर्यंत, जिथून गेली चाळीस वर्षं गॅसचा सिलिंडर बुडाच्या कडेवर फिरवत नेला गेला. दुसरा मोरीच्या भिंतीला लागून. पहिल्याचं कारण ठोका. दुसऱ्याचं कारण पाणी, आणि ते न थांबवता वरून काहीही करणं म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणं.

ओल नेमकं काय करते? जुन्या तळमजल्यांत लादीखाली प्लास्टिकचा कागद, डांबराचा थर असं काही नसतं. माती, त्यावर विटांचे तुकडे आणि चुन्याचा कोबा, त्यावर लादी. जमिनीतलं पाणी वातीतून तेल चढावं तसं या थरांतून वर चढतं. येताना मातीतले, विटांतले क्षार घेऊन येतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. तोच पांढरा लोणा. तो वरच्यावर फुटतोय तोवर फार बिघडलेलं नसतं, कोरड्या ब्रशनं झाडून घ्यावा. (झाडून, पुसून नव्हे. ओल्या फडक्यानं तो विरघळून परत आत जातो आणि चार दिवसांनी हजर होतो.) घात होतो तो वरचं तोंड बंद केल्यावर. कुणीतरी चमक यावी म्हणून लादीवर जाड लॅकर किंवा पॉलियुरेथेनचा थर देतं. पाण्याला वाट राहत नाही, क्षारांचे स्फटिक थराच्या खाली, लादीच्या आतच वाढतात आणि आतून रेटून रंगाचे पोपडे उडवतात. पॅसेजभर मेणकापड किंवा रबरी पाठीची पायपुसणी वर्षानुवर्षं पसरली तरी हेच होतं, फक्त सावकाश.

आमच्याकडे मोरीखालचा जुना बिडाचा पाइप सांध्यात गळत होता. तो बदलला आणि मग काम बंद ठेवलं. मिस्त्रींना दुसरीकडे जायचं होतं आणि मला घाई होती, पण जमिनीला नव्हती. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ती नुसती वाळली. वाळली की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक लादीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि दोन दिवसांनी उचलायचं. खालच्या बाजूला दव साठलं असेल किंवा लादी काळपटली असेल तर अजून थांबा. दिवाळी ते मृग एवढीच या कामाची खिडकी आहे. पावसाळ्यात सुरू कराल तर चुना वाळायचा नाही आणि तुमचं डोकं गरम होईल.

वाळायची वाट पाहत असताना सफाई केली. इथे ताकदीपेक्षा चिकाटी लागते. आधी कोरडी झाडलोट आणि वर चिकटलेलं खरवडणं: रंगाचे थेंब, मेणबत्तीचं मेण, दिवाळीच्या पणत्यांखालची चिकटाची वर्तुळं. खरवडायला लोखंडी पट्टी घेऊ नका, लाकडाची किंवा प्लास्टिकची. मग कोमट पाण्यात भांड्यांचं सौम्य लिक्विड, बादलीला चमचाभर. एका वेळी तीन फूट बाय तीन फूट एवढाच तुकडा. पाणी पसरायचं, पाच-सात मिनिटं मुरू द्यायचं, नायलॉनच्या ब्रशनं गोल गोल घासायचं आणि, हे सगळ्यात महत्त्वाचं, ते काळं पाणी लगेच फडक्यानं टिपून घ्यायचं. बहुतेक लोक घासतात जोरात आणि पाणी सोडून देतात. ते पाणी सच्छिद्र लादीत परत मुरतं आणि वाळल्यावर सगळी जमीन पुन्हा तितकीच मळकट. टिपल्यावर स्वच्छ पाण्याचे दोन हात. मला आख्ख्या पॅसेजला दोन शनिवार-रविवार लागले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कळलं की मी जन्मभर ज्या रंगाला काळा समजत होते तो गडद चॉकलेटी आहे.

तेलाच्या डागांना घासणं उपयोगाचं नाही, कारण तेल वर नसतं, आत असतं. त्याला लेप लावावा लागतो. शंखजिऱ्याची पूड किंवा खडूची भुकटी साबणाच्या पाण्यात कालवून श्रीखंडाएवढं घट्ट करायचं, डागावर बोटभर जाड थापायचं, वर प्लास्टिक झाकायचं. एक दिवसानं प्लास्टिक काढून लेप कडकडीत वाळू द्यायचा. वाळताना तो आतलं तेल वर ओढतो. एकदा लावून भागत नाही. देवघराच्या उंबऱ्याशी तेलाचा जुना डाग होता, त्याला मी चार लेप दिले. डाग निम्मा झाला आणि मग मी हट्ट सोडला. हळदीकुंकवाचे डाग जास्त छळतात. हळदीवर साबण लागला की ती लाल होते हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, घाबरू नका. ऊन येत असेल तर हळद उन्हातच विटते. लोखंडी कपाटाच्या पायांचा गंज मात्र मी तसाच ठेवला. बाजारात गंजावर मिळणारी बहुतेक औषधं आम्लाची असतात आणि गंज गेला तर लादीही जाणार. कपाटाचे पाय त्याच डागांवर परत टेकवले. कुणाला दिसतात?

एप्रिलमध्ये मिस्त्री परतले आणि २२ पोकळ लाद्या उचलायचं काम सुरू झालं. मला वाटत होतं छिन्नी घालून उचकटतील. त्यांनी आधी प्रत्येक लादीला कागदी चिकटपट्टी लावून नंबर टाकायला लावला आणि दिशेचा बाणही. "फूल चार लाद्यांचं आहे. एक फिरली की चार फुलं बिघडली." मग हॅकसॉची जुनी पाती घेऊन ते दर्जा मोकळ्या करत बसले. सुरुवात फुटक्या लादीपासून. ती मधून फोडून काढायची, म्हणजे शेजारणीच्या पोटाखाली हात घालायला जागा होते. छिन्नी कायम फुटक्या लादीच्या मध्याकडे, शेजारच्या कडेवर कधीच नाही. जुन्या चुन्याच्या मालाचा इथे मोठा उपकार. तो लादीपेक्षा मऊ असतो, त्यामुळे जोर दिला की माल सुटतो, लादी अख्खी राहते. प्लंबरनं जिथे सिमेंट थापलं होतं तिथे उलटं झालं. सिमेंट हललं नाही आणि कडेची एक चांगली लादी कोपऱ्यात गेली. आमचा १३ चा आकडा १४ झाला.

म्हणूनच परत बसवताना आम्ही चुना-वाळूचाच माल घेतला, जुन्या मालाच्या जातीचा. आजकालचा रिवाज घट्ट सिमेंटचा किंवा चिकटद्रव्याचा, आणि नव्या घरात तो ठीक आहे. पण जुनी जमीन ऋतूप्रमाणे थोडी हलते, श्वास घेते. तिच्यात मध्येच एक ताठर पट्टी बसवली की तडा त्या पट्टीच्या कडेला जातो. लाद्यांच्या पाठी खरवडून, पाणी मारून ओल्या केल्या, नाहीतर कोरडी लादी मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत होतो. बसवताना रबरी हातोडी, तीही फळी मध्ये ठेवून. दर्जा भरायला पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी पातळ करून. इथे मी एक चूक करता करता वाचले: मला काळा ग्राउट हवा होता, 'उठून दिसेल' म्हणून. मिस्त्रींनी एका तुटक्या तुकड्यावर काळा ग्राउट लावून पुसून दाखवला. पिवळ्या पाकळीत काळोखी उतरली ती उतरलीच.

उरला प्रश्न त्या १४ लाद्यांचा. आत्याच्या माळ्यावर पोत्यात सात अख्ख्या लाद्या निघाल्या. बांधणाऱ्यानं १९३८ मध्ये जास्तीच्या ठेवून दिलेल्या. जुन्या घराचा माळा, जिन्याखालची जागा, परसातल्या तुळशीची बैठक आधी शोधा, तिथे त्या लाद्या सापडतात. पाडकाम चालू असलेल्या इमारती आणि जुन्या सामानाची दुकानं हा दुसरा मार्ग. नव्या करूनही मिळतात, पण मापात एक खोच आहे. जुनी लादी ८ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर. आजची पुष्कळदा २०० मिलिमीटर. तीन मिलिमीटर म्हणजे काय ते, असं वाटतं. दहा लाद्यांच्या रांगेत ते ३० मिलिमीटर होतात, इंचाहून जास्त. म्हणून ऑर्डर देताना 'आठ इंची' असं तोंडी सांगू नका. एक जुनी लादी पाठवा. तिची जाडीही जुळली पाहिजे. आणि रंग मूळ लादीसारखा नको, झिजलेल्या लादीसारखा मागा, नाहीतर नव्या लाद्या कवळीतल्या दातांसारख्या दिसतात.

सातच लाद्यांसाठी साचा करायला आम्हाला कुणी तयार झालं नाही. मग मिस्त्रींनी सुचवलं ते केलं. चपलांच्या कपाटाखालच्या सात चांगल्या लाद्या उचलून मधल्या वाटेवर आणल्या आणि कपाटाखाली साध्या लाल लाद्या घातल्या. कपाट परत ठेवलं. दारातल्या ऍसिडनं खाल्लेल्या तीन लाद्या मात्र काढल्या नाहीत. त्या बसलेल्या घट्ट होत्या आणि नाण्यानं ठणठणीत सांगितलं होतं. उडालेले कोपरे पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि लाल ऑक्साइड कालवून भरले. हे मिश्रण ओलं असताना गडद दिसतं आणि वाळल्यावर दोन पायऱ्या फिकं होतं, तेव्हा आधी टिकली एवढा नमुना करून दोन दिवस थांबायचं. बारीक तडे भरलेच नाहीत. शहाऐंशी वर्षांच्या जमिनीला सुरकुत्या असणारच.

शेवटी चमक. यावर लोकांची मतं धर्माइतकी पक्की असतात. माझं मत: तळमजल्यावर पहिलं वर्ष काहीही लावू नका. ओल खरंच गेली का ते एका पावसाळ्याशिवाय कळत नाही. नंतर लावायचंच तर आत मुरणारं, वाफ बाहेर जाऊ देणारं सीलर, वर थर धरणारं नव्हे. तेही आधी एका कोपऱ्यात लावून बघा, कारण काही सीलर रंग गडद करतात. जवसाचं तेल अगदी पातळ हातानं चालतं, ते हवेनं सुकतं. पण उदार हातानं लावलं की चिकट होऊन धूळ धरतं. खोबरेल सुकतच नाही. आत्या दर दिवाळीला फडक्यावर चार थेंब खोबरेल घेऊन पॅसेज पुसते आणि मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसते. शास्त्रात बसत नाही. पण ती चार थेंबांचे पाच कधी करत नाही, आणि जमीन गेली साठ वर्षं तिच्याच हाताखाली आहे.

रोजचं काम तेवढंच राहिलं: आधी केर, मग पिळून घेतलेलं ओलं फडकं. दारात वाळू झाडायला काथ्याचं पायपुसणं, कारण लादी झिजते ती चपलेखालच्या वाळूनं. सिलिंडरवाल्याला आता दारातच थांबवतात. आतून एक जुनी सतरंजी येते आणि सिलिंडर तिच्यावरून ओढला जातो.

नंबर टाकताना एक गोष्ट दिसली होती ती सांगायची राहिली. कडेची पट्टी सोडली तर मधल्या लाद्या चार गुणिले एकतीस. फूल दोन गुणिले दोनचं. एकतीस ही विषम संख्या, म्हणजे एका टोकाला फुलं अर्धी कापली जाणारच. आज कुणी केलं असतं तर मोजमाप न बघता जिथे संपेल तिथे कापलं असतं. १९३८ च्या त्या गवंड्यानं पूर्ण फुलं दारापासून सुरू केली आणि दोन अर्धी फुलं मोरीच्या उंबऱ्याशी, दाराच्या सावलीत नेऊन ठेवली. आत्याला दाखवलं तर ती चष्मा लावून वाकून बघत राहिली. साठ वर्षं रोज पुसते, म्हणाली, आणि मला वाटायचं दुसरी अर्धी भिंतीखाली आहेत.